कोंडा म्हशीला, मैदा माणसाला

आमच्या गोठ्यातली म्हैस गावातल्या निम्म्या माणसांपेक्षा चांगलं जेवते. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. गव्हाचं पीठ चाळलं की चाळणीत राहिलेला कोंडा तिला. तुरीची डाळ केली की निघालेली चुणी तिला. हरभऱ्याची टरफलं तिला. धान्यातलं जे पोट भरवणारं आणि पोट झाडून काढणारं, ते उचलून तिच्या पुढं टाकायचं आणि उरलेलं पांढरं, मऊ आपल्या ताटात वाढून घ्यायचं. मग पोट साफ होत नाही म्हणून मेडिकलवर जाऊन इसबगोल आणायचं. इसबगोल म्हणजे तरी काय? एका बारीक बीचं टरफल. गुजरातेत पिकतं, उंझ्याच्या बाजारात विकलं जातं आणि डब्यात बसून नरसीला येतं. म्हणजे घरचा कोंडा फुकट म्हशीला, आणि परगावचा कोंडा पैसे मोजून माणसाला. ह्या व्यवहाराशी माझं भांडण आहे.

मी डॉक्टर नाही. दहावीपर्यंत शिकलो आणि पुढं आयुष्यभर वावर केलं. पण हिशोब मला कळतो, आणि हा सगळा हिशोबाचाच विषय आहे.

दोन वर्षांमागं माझ्या बरोबरीचा एक गडी हळदीला खत टाकताना छाती धरून बसला. नांदेडला नेला, स्टेन टाकला, जीव वाचला. घरी आल्यावर त्याच्या कागदांत एक इंग्रजी ओळ होती : हाय फायबर डाएट. गोळ्या कधी घ्यायच्या ते घरच्यांना नीट समजावून दिलं होतं. ह्या ओळीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. त्याची बायको मला म्हणाली, "भाऊ, फायबर म्हंजे ते दाराचं, खुर्च्याचं असतंय तेच का?" मी हसलो नाही. आमच्याकडं फायबरचा अर्थ तोच आहे. फायबरचं दार, फायबरची खुर्ची. ज्या बाईनं तीस वर्षं ज्वारीची भाकर थापली, अंबाडीच्या भाजीत कण्या टाकल्या, जवसाची चटणी कुटली, तिला त्याच गोष्टीचं नाव परक्या भाषेत लिहून हातात दिलं आणि तिला अडाणी ठरवलं.

शाळेच्या पुस्तकात ह्याला तंतुमय पदार्थ म्हणत. आमच्या बोलीत चोथा म्हणा, कोंडा म्हणा. धान्याचं साल, भाजीचे धागे, शेंगेचं टरफल, फळाचा गर. आपल्या लहान आतड्याला हे पचत नाही. पचत नाही म्हणूनच त्याचं काम आहे, आणि हीच गोष्ट लोकांच्या डोक्यात शिरत नाही. लोकांना वाटतं, पचतं तेच अंगी लागतं, बाकीचं वाया.

त्यात दोन जाती आहेत. एक, पाण्यात फुगून बुळबुळीत होणारी. डाळी, हरभरा, जवस, इसबगोल ह्यांत ती जास्त. ती पोटात गेली की घट्ट खळीसारखी होते. जेवणातली साखर रक्तात दमादमानं उतरते. यकृतातून आतड्यात जे पित्त येतं, त्यातलं काही ती धरून शौचावाटे बाहेर नेते. मग यकृताला नवं पित्त करावं लागतं, आणि त्यासाठी लागणारं कोलेस्टेरॉल ते रक्तातून उचलतं. रक्तातलं कोलेस्टेरॉल त्यानं कमी होतं. दुसरी जात न फुगणारी, गव्हाच्या कोंड्यासारखी. ती मळ मोठा करते, पुढं ढकलते. दोन्ही जातींमुळं पोट लवकर भरतं आणि बराच वेळ भरलेलं राहतं. भाकर चावावी लागते. बिस्कीट चहात बुडवलं की नुसतं गिळायचं. चावायला वेळ लागला की माणूस आपसूक कमी खातो. वजन ताब्यात राहण्याचं एक साधं कारण हेच.

मोठ्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू असतात. ह्या चोथ्यातला बराचसा भाग त्यांचं खाणं आहे. शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. रानात शेणखत, पालापाचोळा गेला तर मातीतले जीव जगतात. नुसता युरिया टाकत राहिलात तर पीक आठ दिवस हिरवंगार दिसतं, आणि माती मात्र वर्षागणिक दगड होत जाते. मैदा, पांढरा भात आणि साखर हा पोटाचा युरिया आहे.

हे मी माझ्या मनचं सांगत नाही. डेनिस बर्किट नावाच्या आयरिश सर्जननं युगांडात वीस वर्षं काम केलं. त्यानं पाहिलं की खेड्यातल्या आफ्रिकी माणसांच्या जेवणात चोथा भरपूर आणि श्रीमंत देशांतले कितीतरी आजार त्यांच्यात क्वचितच. गेल्या शतकातल्या सत्तरच्या दशकात तो हे जगभर सांगत फिरला. त्या वेळी तो तर्क होता. पण २०१९ साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात १८५ पाहण्या आणि ५८ प्रयोग एकत्र करून काढलेला निष्कर्ष छापून आला. जास्त चोथा खाणाऱ्यांमध्ये, कमी खाणाऱ्यांच्या मानानं, एकूण मरण आणि हृदयविकाराचं मरण १५ ते ३० टक्के कमी दिसलं. प्रयोगांमध्ये वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल तिन्ही उतरले. दिवसाला २५ ते २९ ग्रॅम चोथा पोटात गेला तर सगळ्यात चांगला फायदा. जागतिक आरोग्य संघटनाही मोठ्या माणसाला दिवसाला निदान २५ ग्रॅम सांगते.

आता आपल्या ताटाचा हिशोब. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली भारतातल्या अन्नाचे तक्ते छापले. नातीनं मला ते काढून दिले. १०० ग्रॅमला चोथा किती? ज्वारीत १० ग्रॅमच्या वर. बाजरीत साडेअकराच्या आसपास. अख्ख्या गव्हात ११ च्या वर. मैद्यात पावणेतीन. पांढऱ्या तांदळात पावणेतीनच. अख्ख्या हरभऱ्यात २५, हरभऱ्याच्या डाळीत १५. अख्ख्या तुरीत जवळपास २३, तुरीच्या डाळीत ९. तेवीसातून नऊ गेले, राहिले चौदा. ते चौदा ग्रॅम चुणीत गेले आणि चुणी म्हशीनं खाल्ली.

माझ्या आईच्या काळचा दिवस धरा. मध्यम आकाराच्या तीन भाकरी, म्हणजे २०० ग्रॅम पीठ. त्याचे २० ग्रॅम. मूठभर हरभऱ्याची नाही तर मटकीची उसळ, ५ ते ७ ग्रॅम. वर पालेभाजी, चटणी, कांदा. झाले तीस. तिला ग्रॅम ठाऊक नव्हते, ताट ठाऊक होतं. आता आजचा दिवस धरा. सकाळी चहा-टोस्ट, दहाला पोह्यांची प्लेट, दुपारी भात आणि पातळ वरण, चारला बस स्टँडवर वडापाव, रात्री परत भात. दहा-बारा ग्रॅमवर हा दिवस जात नाही. आणि ह्या माणसाचं पोट दर दोन तासाला रिकामं होतं. तो खादाड नाही. त्याच्या ताटात पोट धरून ठेवणारं काही उरलेलंच नाही. आयसीएमआरच्या देशभरच्या पाहणीत २०२३ साली दिसलं की शंभरातल्या चाळीसेक मोठ्या माणसांच्या पोटाचा घेर प्रमाणाबाहेर आहे. आमच्या पारावर बसून मोजलं तर मला त्याचं नवल वाटत नाही.

आता शहरातल्या वाचकांशी दोन शब्द. तुमच्याकडं ज्वारीला फार दिवस आलेत. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं, सरकारनं श्रीअन्न असं नाव दिलं, आणि ज्वारीचे चिवडे, ज्वारीची बिस्किटं पाकिटात बसून दुप्पट-तिप्पट भावानं विकली जाऊ लागली. "ज्वारी खा, गहू सोडा, सगळे रोग जातील," असं सांगणारे निघाले. हे खोटं आहे, आणि मी ज्वारी पिकवणारा असून सांगतो. वरचे आकडे परत बघा. अख्ख्या गव्हाचा चोथा ज्वारीपेक्षा तसूभर जास्तच आहे. भांडण गव्हाशी नाही, चाळणीशी आहे. ज्वारीचं पीठ कुणी बारीक चाळणीतून काढत नाही म्हणून ती बिचारी टिकून राहिली, एवढाच तिचा मोठेपणा. आणि ज्वारीच्या बिस्किटात तेल-साखर घातली की ते बिस्कीटच.

आणखी एक कडू गोष्ट. त्याच आयसीएमआरच्या पाहणीतून २०२५ साली निघालं की भारतीय माणसाच्या जेवणातली ६२ टक्के ताकद पिठूळ पदार्थांतून येते, आणि भाताच्या जागी नुसती गव्हाची पोळी किंवा भरडधान्याची भाकर आणली, पण एकूण पीठ तेवढंच ठेवलं, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसत नाही. पिठाचा वाटा थोडा कमी करून डाळ-कडधान्य-दुधातली प्रथिनं वाढवली तर फरक दिसतो. म्हणजे पाच भाकरी हाणून वर "मी श्रीअन्न खातो" म्हणणाऱ्याला माफी नाही. दिवसभर वखर हाणणाऱ्याला पाच चालत होत्या. मोटारसायकलवर बसून वावरात जाणाऱ्याला दोन पुरेत. तिसरीच्या जागी वाटीभर उसळ घ्या. गरिबाला परवडणारं प्रथिन आणि चोथा एकाच दाण्यात मिळतो तो कडधान्यात.

गावाकडच्या वाचकांनाही सोडत नाही. आमचं गाव नामदेव महाराजांचं जन्मगाव. कयाधूच्या काठी देऊळ. आषाढीनंतरच्या परतवारी एकादशीला माणसांचे लोट येतात, जागोजागी फराळ वाटला जातो. फराळ म्हणजे साबुदाणा. हा साबुदाणा कुठं पिकतो म्हणून विचारलं तर निम्म्यांना सांगता येत नाही. तो पिकत नाहीच, बनतो. कसाव्याचा कंद दळून, धुऊन, त्यातला चोथा काढून टाकून राहिलेल्या निव्वळ पिष्टाच्या गोळ्या करतात. तामिळनाडूतल्या सेलमकडं त्याचे कारखाने आहेत. चोथा काढून टाकणं हीच त्याची कृती. वर तेलात परतून वाटीऐवजी ताटभर खायचा. एकादशी दुप्पट खाशी ही म्हण उगाच नाही पडली. उपवासाला रताळं चालतं, राजगिरा चालतो, भगर चालते, शेंगदाणा चालतो. ह्या सगळ्यांत साबुदाण्यापेक्षा चोथा जास्त, आणि ह्यातलं बरंच आपल्या मातीत येतं. मग देवाच्या दारात कारखान्याचं पिष्टच का? ह्यात देवाचा काही आग्रह नाही. आपला आळस आहे आणि किराणा दुकानाची सोय आहे.

हे असं का झालं, त्याचं मूळ मला ठाऊक आहे. बहात्तरच्या दुष्काळात मी अकरा वर्षांचा होतो. खडी फोडायच्या कामावर सुकडी मिळायची आणि रेशनला परदेशची लाल मिलो. त्या मिलोच्या भाकरीची चव आमच्या पिढीच्या जिभेवरून गेलेली नाही. त्या दिवसांत आई-बापांनी मनाशी गाठ बांधली की आपल्या लेकरांना पांढरं खाऊ घालायचं. पोळी म्हणजे सण, भात म्हणजे पाहुणा, भाकर म्हणजे गरिबी. ती गाठ मला समजते, तिला मी नावं ठेवत नाही. पण पन्नास वर्षं झाली. आता रोजच सण आणि रोजच पाहुणा, आणि गरिबीची खूण असलेली भाकर श्रीमंतांच्या हॉटेलात कौतुकानं वाढली जाते. गाठ सोडायची वेळ झाली.

सरकारनंही ह्यात हातभार लावला. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरडधान्य एक रुपया किलो. सगळ्यात हलकं कोण ते कायद्यानंच छापून दिलं. २०१८ साली त्यालाच पौष्टिक धान्य म्हणायचं ठरलं, २०२३ साली श्रीअन्न. नाव चढत गेलं. रेशनच्या गोणीत मात्र येतात ते मुख्यतः गहू आणि तांदूळ, आता तेही फुकट. फुकटचा तांदूळ घरात असताना ज्वारी विकत कोण घेणार? गरिबाचं पोट भरलं ही चांगली गोष्ट झाली, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच पिशवीत महिन्याला किलोभर हरभरा आणि दोन किलो ज्वारी का बसत नाही, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

आणि रानाचं काय? हळद आणि सोयाबीन आल्यापासून आमच्या भागात ज्वारी बांधावर गेली. त्यालाही कारण आहे. पाखरं राखायला माणूस मिळत नाही, काढणी-मोडणीला मजूर मिळत नाही. २०२५-२६ चा हमीभाव बघा, मालदांडी ज्वारी ३,७४९ रुपये क्विंटल आणि सोयाबीन ५,३२८. पुढचं गणित शेतकऱ्यानंच करायचं. दुसरी गोष्ट कुणी बोलतच नाही. सोयाबीनवर तणनाशक मारलं की तणाबरोबर तांदुळजा गेला, घोळ गेली, पाथरी गेली, कुंजर गेला. निंदायला गेलेली बाई संध्याकाळी पदरात भाजी घेऊन यायची. ती भाजी कुठल्याच हिशोबात नव्हती, म्हणून ती गेल्याचंही कुठं लिहून ठेवलेलं नाही. आता तीच बाई आठवडी बाजारातून कोबी आणते.

बायांचा विषय निघाला तर तोही पुरा करतो. "पूर्वीच्या बाया कशा भाकरी थापायच्या," असं उसासे टाकत म्हणणारे सगळे गडी आहेत, आणि त्यांतल्या एकालाही भाकर थापता येत नाही. गिरणीवर एक सून मला तोंडावर बोलली, "मामा, भाकर मागता सगळे, पण पेरता सोयाबीन. ज्वारी विकत, सरपण विकत, अन् हात तेवढे आमचे फुकट." तिचं खरं आहे. भाकर पाहिजे असेल तर घरापुरती अर्धा-एक एकर रब्बी ज्वारी पेरायची जबाबदारी गड्याची, आणि परात पुढं ओढून बसायचीही. भाकर जमत नसेल तर कणीक न चाळता पोळी लाटा, ज्वारीच्या कण्या शिजवा, धपाटे करा, उसळ टाका. चोथ्याला भाकरीचाच आकार लागतो असं नाही.

आता ज्यांना हे पटलं त्यांना सांगून ठेवतो. उद्याच सगळं बदलू नका. एकदम चोथा वाढवला की पोट फुगतं, गुडगुडतं. दोन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवा आणि पाणी भरपूर प्या. पाण्याशिवाय चोथा उलटा अडकतो. ज्यांचं आतड्याचं ऑपरेशन झालंय, त्यांनी आधी डॉक्टरला विचारा. ज्यांना हृदयाच्या, बीपीच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी भाकरीच्या भरवशावर एकही गोळी सोडू नका. आणि गालात तंबाखूची गोळी धरून जवसाची चटणी खाल्ली तर जवस तुम्हाला वाचवणार नाही.

डॉक्टरांकडं माझं एकच मागणं आहे. कागदावर हाय फायबर लिहू नका. लिहा : पीठ चाळू नका, रोज वाटीभर उसळ, दोन वेळा पालेभाजी, चहाबरोबर बिस्कीट बंद, पेरू खा. पाच ओळी होतील, दोन मिनिटं जातील. आणि परतवारीला फराळ वाटणाऱ्या मंडळींकडं दुसरं. येत्या वर्षी एका तरी कढईत साबुदाण्याऐवजी भगर शिजवा आणि शेजारी उकडलेल्या रताळ्याचं टोपलं ठेवा. वाढायला मी येतो.

कोंड्याचा मांडा करणं ही आपल्याकडं बाईच्या हुशारीची खूण होती. थोडक्यात निभावून घरादाराला पोटभर घालायचं. आता मांडे सगळ्यांच्या घरी आलेत. त्यातला कोंडा तेवढा म्हशीपुढून उचलून परत आपल्या पिठात आणायचा आहे. त्याला ना अनुदान लागतं ना मेडिकलची चिठ्ठी, चाळणी खुंटीला अडकवली की झालं. म्हशीला काय घालायचं ते मी बघतो, कडबा आहे.